पहिलीचा टाक

जरिनाने काळ्या मण्यांची पुडी उघडली, बोटाने मणी हलवून बघितले आणि पुडी तशीच मिटून बनुबाईपुढे सरकवली.

"दुसरीकडं बगा मावशी. माज्याच्यानं व्हणार न्हाई."

विट्यातल्या सराफांच्या गल्लीत जरिनाच्या सासरचं हे पटवेकऱ्याचं दुकान. दुकान म्हणजे दोन माणसं मांडी घालून बसतील एवढी फळी, भिंतीला रेशमाच्या लडी आणि दोरा ताणायला एक पितळी आकडा. सोनाराने घडवायचं आणि पटवेकऱ्याने ओवून, गाठवून गळ्यात घालण्याजोगं करायचं, असं हे काम. फळीच्या कडेला बनुबाई अर्धीच टेकली होती. समोरच्या कापडदुकानात माडीवर तिच्या थोरल्या लेकाच्या लग्नाचा बस्ता चालला होता. दोन्हीकडच्या बाया साड्यांच्या ढिगात बसल्या होत्या आणि ही तेवढ्यात जिना उतरून आली होती. तिला घाई होती.

"व्हणार न्हाई म्हंजे? दोन वाट्या, मणी आन एका अंगाला सवतीचा टाक. पटवेकऱ्याच्या घरात नांदतीस आन मंगळसूत्र गाठवायला न्हाई म्हंतीस व्हय गं?"

"दुसऱ्या कुणाचं बी आणा, गाठवते. ह्यो टाक कुणाचा, ठावं हाय न्हवं?"

"न ठावं असाय काय झालं? पयलीचा."

पयलीचा! जरिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही इकडची रीत. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठशाने उठवलेली एक बाई. तिला सणासुदीला हळदकुंकू लावायचं, आधी तिला निवद दाखवायचा, म्हणजे ती नव्या संसारात आडवी येत नाही. जरिनाने आजवर असे टाक ओवले होते आणि कधी दुसरा विचार केला नव्हता. पण ही पहिली म्हणजे शालन होती. आटपाडीच्या शाळेत बालवाडीपासून दहावीपर्यंत तिच्या शेजारी बसलेली शालन. दिवाळीच्या तोंडावर गेली. अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं.

"वरीस तरी व्हऊ द्यायचं हुतं मावशी."

"वरसाच्या आत केलं तर बरं असतं. न्हाईतर मग तीन वरसं थांबायचं. तवर घर कुणी बगायचं? पोराला आई नगं?"

"पोराला? सिद्धू सांगलीला कॉलेजात हाय. मिशा फुटल्यात त्येला. त्येला कशाला आई? बायको बगा म्हणावं आता चार वरसांनी."

आत लडी गुंडाळत बसलेला चांदसाहेब खाकरला. जरिनाचा नवरा स्वभावाने थंड, गिऱ्हाईक दुकानातून रागावून गेलेलं त्याला आवडायचं नाही. तो पुढे झाला, पुडी आपल्या हातात घेतली.

"ठेवा मावशी. बस्ता हुईस्तोर गाठवून ठेवतो. टाक कुठाय?"

"टाक पोरीकडनं असतोय. तिच्या आयनं साताऱ्यास्नं करून आणलाय. लावून देते पोरीला हिकडं, गळ्याचं माप बी घ्या. आन चांदभाई, टाक जरा मागच्या अंगाला घ्या. पदराखाली ऱ्हायला पायजे. चारचौघांत दिसाया नगं."

एवढं बोलून बनुबाई उठली, रस्ता ओलांडून जिना चढून गेली. तिचे गुडघे दुखत होते तरी चढली. लेकाच्या लग्नाचा उत्साह असा असतो. सुनेला सांगलीला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा मात्र याच गुडघ्यांनी दगा दिला होता, सोबत कोण जाणार म्हणून आठवडा वाट बघितली होती.

"बघितलंस?" जरिना नवऱ्याकडे वळली. "चारचौघांत दिसाया नगं म्हणे. जित्ती होती तवा बी दिसाया नकोच होती ह्यांना."

"आपलं काम ओवायचं," चांदसाहेब म्हणाला. "कुणाचं काय, कुणाचं काय, आपण पुसायचं न्हाई. तुला गाठवायचं नसलं तर नको गाठवू. नमाज पढून येतो आन मीच बसतो. तू फकस्त माप घेऊन ठेव. आन तोंड उघडू नको."

त्याने टोपी झटकली, चपला पायात सरकवल्या आणि तो गेला. तोंड उघडू नको! जरिनाने एक लड ओढली, गुंता नव्हता तरी सोडवायला घेतली.

शालनला आटपाडीत कोण ओळखत नव्हतं! दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की शनिवारच्या बाजारातली मेंढरं माना वर करायची. एकदा इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावरून शिट्टी आली. गुरुजींनी सगळ्या मुलींना हात पुढे करायला लावले, छडी पहिल्या हातावर पडायच्या आत शालन उभी राहिली आणि म्हणाली, गुरुजी, मी मारली, लय कंटाळा आला हुता. अख्खा वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि मग तिला जरा जास्तच छड्या बसल्या. सापाला शेपटीला धरून फेकून द्यायची आणि कबुतर अंगावरून उडालं तर किंचाळायची. असली ती. पुढे दोघींची लग्नं विट्यालाच झाली. जरिना पटवेकऱ्याच्या घरात आली आणि शालन गलाईवाल्याच्या. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा. शालनचा नवरा सयाजी त्या कामासाठी दूर सेलमला, वर्षातून दोनदा गावाकडे. इथं सासू, धाकटा दीर, नवा बंगला आणि गोठा, सगळं शालनच्या गळ्यात.

बाजाराला आली की शालन या फळीवर येऊन बसायची. एक चहा दोघींत. असंच एकदा चहा पिता पिता तिने जरिनाला आतल्या खोलीत नेलं, पोलक्याची दोन बटणं काढली आणि जरिनाची बोटं धरून आपल्या उजव्या छातीवर ठेवली. आत सुपारीएवढी गाठ होती.

"कवापास्नं हाय गं?"

"झालं चार-दोन म्हैनं. दुखत न्हाई म्हणून गप बसले."

"आजच्या आज चल सांगलीला. मी येते संगं."

"आत्ती म्हंत्यात, दिराचं लगीन तोंडावर हाय. लग्नघरात दुखणं काढू नगं म्हंत्यात. लगीन पार पडू दे."

"आन सयाजी?"

"फोन केला हुता. आईला इचार म्हणाला."

आईला इचार! जरिना तेव्हा चिडून स्वतः त्या बंगल्यावर गेली होती. बनुबाईने तिला खुर्चीवर बसवलं, चहा दिला, लाडू दिला आणि गोड हसून सांगितलं, आमच्या घरातलं आमी बगतो बाई, तू कशाला जीव टांगणीला लावतीस. दिराचं लग्न धूमधडाक्यात झालं. जरिना त्या लग्नाला गेली होती. पंगतीत शालन बुंदी वाढत होती आणि डाव्या हाताने वाढत होती, कारण उजवा हात तोवर सुजून जड झाला होता, वर होत नव्हता. कुणी पाहुणा म्हणाला, डाव्या हातानं वाढत्यात व्हय शुभकार्यात, ह्या घराला काय वळण हाय का न्हाई? आणि बनुबाईने भर पंगतीत सुनेच्या हातातलं पातेलं हिसकावून घेतलं होतं. कुणीही, एकाही माणसाने, बाई तुझ्या हाताला काय झालंय म्हणून विचारलं नाही.

सत्यनारायण झाला, परतावणी झाली, आणि मग सांगली. डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं. शालन गेली तेव्हा तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, आणि जमलेल्या बाया एकमेकींना म्हणाल्या, अहेव गेली, नवऱ्याच्या आधी गेली, नशीब काढलं बाईनं. जरिना अंगणात उभी राहून ते ऐकत होती. नशीब काढलं! त्या दिवशी तिला एकेकीच्या दंडाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं होतं. हलवलं नाही. परक्या अंगणात माणूस काय बोलतो?

आणि आता टाक. जितेपणी जिला पातेलं हातात धरू दिलं नाही, तिला मेल्यावर निवद. जितेपणी भीती वाटायला हवी होती यांना, तेव्हा वाटली नाही. आता वाटतेय.

"भाभी, माप द्यायला आलेय."

फळीपुढे एक बाई उभी होती. बाईच, पोरगी म्हणायचं वय सरलेलं, तिशी ओलांडून गेलेली. साध्या पंजाबी ड्रेसवर ओढणी, हातात मोबाईल आणि छोटी पर्स. जरिनाने हिला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. शालनच्या भांड्यांत जेवणारी, शालनच्या लेकाला हाक मारणारी. पण शिव्या देताना जी बाई डोळ्यापुढे होती ती नटवी, गोरीपान, मिजासखोर होती. ही तशी नव्हती. हिच्या बोटांना चिकटपट्टीने पडतात तसे बारीक काप होते.

"बस," जरिना तुसडेपणाने म्हणाली. "नाव काय?"

"अंकिता. साताऱ्याची. तिथं एमआयडीसीत पॅकिंगला आहे. म्हणजे होते. ह्या महिन्यात सोडलं काम. लग्नानंतर करायचं नाही म्हणालेत."

जरिनाने दोरा तिच्या गळ्याभोवती धरला, छातीपर्यंत सोडला, खूण केली. बोलली काहीच नाही. चांदसाहेबाने सांगितलं होतं म्हणून नाही, तिला बोलायचंच नव्हतं.

अंकिताने पर्समधून एक चिमुकली प्लास्टिकची डबी काढली. त्यात कापसावर टाक होता. नवा, लखलखीत. दोन ठिपक्यांचे डोळे, एक नथ, जोडलेले हात. जरिनाने तो तळहातावर घेतला. ही शालन? सोनाराकडे एकच ठसा असतो. त्याच ठशातून आटपाडीची पहिली निघते, कराडची निघते, कोरेगावची निघते. शालनचं नाक बसकं होतं. नथ तिने लग्नातसुद्धा धड घातली नव्हती, शिंका येतात म्हणून. आणि हात जोडून उभी राहिलेली शालन तर तिच्या आईनेही पाहिली नसेल.

तिने टाक फळीवर पालथा ठेवला.

अंकिताने ते पाहिलं. समोरच्या माडीकडे एकदा बघितलं, मग ती म्हणाली,

"तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

"कुणाला?"

"ह्यांना." तिने टाकाकडे बोट केलं. "नाव काय होतं त्यांचं?"

जरिनाच्या हातातला दोरा थांबला.

"तुला नाव न्हाई सांगितलं?"

"सगळे पहिलीच म्हणतात. बघायला आले तेव्हा आईनं विचारलं होतं. शुभकार्यात नाव काढायचं नसतं म्हणाल्या. मग मला वाटलं, जाऊ दे, नंतर कळेल. पण आज हा टाक पर्समध्ये घेऊन बसमधून आले ना, तर सारखं वाटत होतं. गळ्यात घालायचं आणि हाक काय मारायची, तेच ठाऊक नाही."

काय ही माणसं! जरिनाला वाटलं, आता उठावं, रस्ता ओलांडावा आणि माडीवर जाऊन त्या साड्यांच्या ढिगात उभं राहून बोंब ठोकावी. वीस वर्षं ज्या बाईने तुमची गुरं राखली, तुमचे आजार काढले, तुमचा लेक वाढवला, तिचं नाव तुमच्या तोंडाला विटाळतं होय?

"शालन," ती म्हणाली. "शालन हुतं नाव तिचं. आटपाडीची. माज्या शेजारी बसायची शाळंत."

"शालन," अंकिता हळूच म्हणाली. म्हणून बघितल्यासारखं. "कशा होत्या?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. दिवाळीपासून जरिनाला कुणीही, अगदी चांदसाहेबानेही, शालन कशी होती हे विचारलं नव्हतं. तिने शिट्टीचं सांगितलं. कबुतराचं सांगितलं. गुरुजींच्या छडीचं सांगताना दोघीही हसल्या आणि जरिनाने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं.

"आणि झोपेतच गेल्या म्हणे," अंकिता म्हणाली. "अटॅक आला. बरं झालं, हाल तरी झाले नाहीत."



"कोण म्हणालं अटॅक?"

"ह्यांनीच. म्हणजे... त्यांनी. फोनवर. झोपली ती उठलीच नाही म्हणाले."

आपण पुसायचं न्हाई, असं चांदसाहेब म्हणाला होता. बरोबर आहे. जरिनाने काहीच पुसलं नव्हतं. पण आता पुसलेल्याला उत्तर द्यायचं नाही, असं तर तो म्हणाला नव्हता. आणि म्हणाला असता तरी तिने ऐकलं नसतं. तिने दोरा खाली ठेवला आणि सांगितलं. गाठीचं सांगितलं. आईला इचार सांगितलं. लाडवाचं सांगितलं, पंगतीचं सांगितलं, डाव्या हाताचं सांगितलं. आवाज चढत गेला तसा शेजारच्या सोनाराने मान बाहेर काढली आणि परत आत घेतली. अंकिता ऐकत होती. पर्सची चेन उघडायची आणि लावायची, उघडायची आणि लावायची, एवढंच तिचं चाललं होतं.

"दवाखान्यात कधी नेलं मग?"

"दिराची परतावणी झाल्यावर."

"आणि हे आले होते का सेलमहून?"

"लग्नाला आलता की. नाचला बी वरातीत. ती दवाखान्यात हुती तवा हंगाम हाय म्हणून न्हाई आला. मातीला आला."

समोरच्या माडीवरून बायांचा हसण्याचा आवाज आला. कुणीतरी अंगावर शालू धरून बघत असणार. अंकिताने पर्स उघडली. यावेळी लावली नाही. आतून गोळ्यांची एक पांढरी बाटली काढून तिने फळीवर ठेवली.

"थायरॉईडची गोळी आहे. रोज सकाळी. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना, नंतर कटकट नको म्हणून. तर सासूबाई म्हणाल्या, लगीन झालं की असलं समदं आपोआप जातंय. आणि लग्नाच्या चार दिवसांत बाटली बाहेर काढू नकोस म्हणाल्या, पाव्हणे बघतील. मला वाटलं, जुनी माणसं, बोलतात."

"आन तुजी आय?"

"आईला मी आता घरात नको झालेय." हे ती रागावून म्हणाली नाही, जेवण झालं म्हणावं तसं म्हणाली. "भाऊ-भावजय आहेत. भावजय चांगली आहे तशी. पण चौतीस वर्षांची नणंद किती दिवस घरात बघायची तिनं तरी?"

जरिनाला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. भलतंच वाटायला लागलं. आपण काय करून बसलो? या पोरीला जायचं तर त्याच घरात आहे. आपण आपली आग हिच्या ओटीत टाकून मोकळ्या झालो. दोन वाट्या गळ्यात घालून ही त्या बंगल्यात जाणार, आणि प्रत्येक लग्नकार्यात पंगतीत वाढताना हिला डावा हात आठवणार. चांदसाहेब कधी कधी खरं बोलतो.

"हे बग," जरिना नरमाईने म्हणाली, "समदी येळ सारखी नसती. तू कमवून खाल्लंयस, बोलायला घाबरत न्हाईस. तुजी गोष्ट निराळी..."

"त्या घाबरट होत्या का?"

सापाला शेपटीला धरून फेकणारी शालन. भर वर्गात उभी राहणारी शालन. घाबरट!

"न्हाई," जरिना म्हणाली. "माज्या बघण्यात तिच्याएवढी धीट पोरगी दुसरी झाली न्हाई."

अंकिताने मान हलवली. मग तिने पालथा पडलेला टाक उचलला, सुलटा केला, त्याच्यावरून अंगठा फिरवला.

"भाभी, वाट्या आणि मणी राहू द्या. हा एवढाच गाठवून द्या. काळ्या दोऱ्यात."

"एवढाच? अगं, टाक मंगळसूत्रात..."

"एवढाच."

जरिनाने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग काही न विचारता तिने काळ्या रेशमाची लड ओढली, तीन पदर सोडवले, टोक आकड्यात अडकवलं. मघाशी जो टाक आपण ओवणार नाही म्हणून ती भांडली होती, त्याच्या कडीतून तिने दोरा घातला. पीळ दिला. दोन्ही अंगांना गाठी मारल्या, एकेक गाठ दातांनी आवळली. एवढ्याशा पत्र्याला एवढी पक्की गाठ कुणी मारत नाही, पण तिने मारली. तिचं काम चालू असताना अंकिताने फोन लावला.

"आई, शालू घेतला का? नाही ना अजून? मग बस्ता बांधू नको. खाली ये... नाही, काही झालं नाही मला. तुझी पिशवी घेऊन ये आणि त्या लोकांना काही बोलू नको, मी स्टँडवर गेल्यावर त्यांना फोन करते... अगं हो, कळलं, लोक काय म्हणतील ते. आपण बसमध्ये बोलू... आई, तू ये."

तिने फोन बंद केला. गोळ्यांची बाटली तिने पर्समध्ये टाकली. मग मान पुढे केली आणि जरिनाने मागे केस बाजूला सारून दोरा बांधला. टाक बरोबर गळ्याच्या खळग्याखाली आला. पदर नव्हताच, ओढणीही तिने वरून घेतली नाही.

"किती झाले?"

"जा तू," जरिना म्हणाली. "साताऱ्याची गाडी लागली असंल. जा."

जिन्यावरून एक बारकी, भेदरलेली बाई पिशवी छातीशी धरून उतरली. अंकिताने तिचा हात धरला, आणि दोघी स्टँडच्या बाजूने चालू लागल्या. आई सारखी मागे वळून माडीकडे बघत होती आणि काहीतरी बोलत होती. लेक ऐकत होती, पण थांबत नव्हती. कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी दोघी वळल्या.

मग माडीवर गलका झाला. खिडकीतून दोन-तीन डोकी बाहेर आली. सयाजीचं एक होतं, पानाने भरलेल्या तोंडाने तो फोनवर अहो, अहो, असं म्हणत होता. आणि थोड्याच वेळात बनुबाई जिन्याचा कठडा धरत खाली आली, रस्ता बघता न बघता ओलांडला, एक मोटारसायकलवाला तिच्यावर खेकसला. फळीपाशी येऊन तिने दोन्ही हात टेकले. घामाने कपाळावरचं गंधाचं बोट पसरलं होतं.

"पोरगी कुठाय?"

"गेली."

"कुठं गेली? पाव्हणी बी न्हाई वर. फोनवर म्हंती, मला ह्ये लगीन करायचं न्हाई. अशी मधनंच! भर बस्त्यातनं! काय बोलली ती? तुज्यापाशीच बसली हुती न्हवं?"

जरिनाने मण्यांची पुडी उचलली, त्यात दोन्ही वाट्या नीट ठेवल्या, पुडी मिटली आणि बनुबाईच्या तळहातावर ठेवून तिची बोटं वरून दाबली.

"ह्ये तुमचं. मोजून घ्या."

"आन टाक?"

"त्यो तिनं गळ्यात घातला."

बनुबाईला काही उमजेना. ती पुडीकडे बघत राहिली, मग रस्त्याकडे, मग पुन्हा पुडीकडे. लग्न नको म्हणून निघून गेलेली पोरगी टाक कशाला गळ्यात घालेल? हळूहळू तिचं तोंड उतरत गेलं. ती फळीवर बसली, पूर्ण बसली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ते नाव आलं.

"शालनीनं केलं ह्ये," ती पुटपुटली. "शालनीनंच. किती जपलं, तरी आडवी आलीच ती."

मघाशी हेच कुणी म्हटलं असतं तर जरिनाने त्याचं तोंड फोडलं असतं. तिने आकड्यात राहिलेला काळ्या रेशमाचा तुकडा काढला आणि बोटाला गुंडाळला.

"व्हय मावशी," ती म्हणाली. "तिनंच केलं."